शेड्यूलच्या मागे असलेलं बाळ

"सिस्टर, बाळ शेड्यूलच्या चार आठवडे मागं आहे. आता काय करायचं ते सांगा."

एवढं बोलून देवराव लांजेवारांनी माझ्या तपासणीच्या टेबलावर एक लांबलचक कागद उलगडला. कागद पुन्हा पुन्हा गुंडाळला जात होता, म्हणून त्यांनी एका कोपऱ्यावर माझं बीपीचं यंत्र ठेवलं आणि दुसऱ्यावर कापसाचा डबा. ते टेबल पेशंटसाठी होतं. पेशंट, म्हणजे त्यांची बायको इंदू, भरलं पोट सांभाळत भिंतीशी उभी होती, कारण तिच्या जागेवर तिचा चार्ट झोपला होता.

मी इंदूला स्टूल दिलं. एरवी देवरावांना चांगलंच सुनावलं असतं. पण त्या दिवशी मला राग कमी आणि धास्ती जास्त वाटत होती. तासाभरापूर्वीच आमच्या लेडी डॉक्टरांनी इंदूच्या कार्डावर लिहिलं होतं की सोमवारी भरती करा आणि औषधानं कळा आणा. बाळ वाढत नाही, तारीखही उलटून गेली, आता आत ठेवण्यात अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही भिलाईतली गोष्ट आहे. पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटून वर्ष होऊन गेलं होतं आणि बाकीचं बांधकाम जोरात चालू होतं. मरोद्याच्या बाजूला, टिनाच्या छपराखाली आमचा लहानसा प्रसूती दवाखाना होता. मी नागपूरला मिडवाइफचा कोर्स करून, म्हणजे बाळंतपणाचं शिक्षण घेऊन, काही वर्षं तिकडेच काम केल्यावर इथे नोकरीला लागले होते. भंडारा, साकोली, तुमसरकडची तरणी पोरं कारखान्यात भरती झालेली, नवीन क्वार्टर मिळालेलं, नवीनच लग्न झालेलं. कारखान्यात काम किती चाललं होतं ते मला माहीत नाही, पण आमच्याकडे दम खायला फुरसत नव्हती.

देवराव प्लॅनिंग सेक्शनमध्ये ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेलं ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईनं गिरवायचं, मग त्याच्या निळ्या प्रती निघायच्या. त्यांची खासियत होती बार चार्ट. भट्टीचं, चिमणीचं, रुळांचं, प्रत्येक कामाचं एक पत्रक असे. डावीकडे कामांची नावं, वर आठवडे, आणि प्रत्येक कामापुढे एक आडवी पट्टी. काम कधी सुरू व्हायला हवं आणि कधी संपायला हवं ते निळ्या पट्टीत दिसे. खरोखर कितपत झालं ते तिच्याखाली लाल पेन्सिलीनं भरत. लाल निळ्याच्या मागे पडली की साहेब ओरडत. रशियन साहेबसुद्धा आपले चार्ट बघून मान डोलावतात, असं देवराव अधूनमधून सांगत. अधूनमधून म्हणजे दर भेटीला.

इंदूचं नाव नोंदवायला ते दोघं पहिल्यांदा आले ते नोव्हेंबरात. इंदू एकोणीस वर्षांची, किरकोळ अंगाची आणि अबोल. मी विचारलं, पाळी कधी आली होती शेवटची? इंदूनं मान खाली घातली आणि देवरावांनी खिशातून चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर स्वच्छ ट्रेसरच्या अक्षरात जुलै महिन्यातली एक तारीख होती. मी खूश झाले. बाकीचे नवरे "असन काही तीन-चार महिने" म्हणत, आणि हा बाबा चक्क इंग्रजी तारीख लिहून घेऊन आला होता. मी ती जशीच्या तशी कार्डावर उतरवली.

बाळंतपणाची तारीख काढायचा आमचा नियम सोपा आहे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा आणि त्यात नऊ महिने सात दिवस मिळवायचे. त्या हिशेबानं इंदूची तारीख एप्रिलच्या अखेरीला येत होती. देवरावांनी मला विचारलं, "ही टार्गेट डेट फायनल समजू काय?" मी हसून हो म्हटलं. ते हो मला पुढे फार महाग पडलं.

दर बुधवारी मी बायकांना बसवून पोटात बाळ कसं वाढतं ते सांगत असे. त्यासाठी माझ्याकडे एक टोपली होती. त्यात बाजारातून आणलेलं काय काय असायचं. महिनाभर पाळी चुकली तेव्हा बाळ मुगाच्या दाण्याएवढं असतं, असं सांगून मी मूग दाखवी. त्या मुगातसुद्धा हृदय म्हणून एक ठिपका धडधडायला लागलेला असतो, हे ऐकलं की बायका आपोआप पोटावर हात ठेवत. मग बोर, मग लिंबू. तीन महिने झाले की बाळ छोट्या लिंबाएवढं, पण त्याचे हातपाय, बोटं, सगळे अवयव घडून झालेले असतात, पुढे नुसतं वाढायचं. पाचव्याला ते चांगलं वांग्याएवढं होतं आणि लाथा मारतं, तेव्हा आईला पहिल्यांदा कळतं. सहाव्याला अंगभर लव येते, वरून लोण्यासारखा पांढरा थर असतो, नाहीतर नऊ महिने पाण्यात राहून त्याची कातडी सुरकुतली असती. सातव्याला डोळे उघडतं. बाहेरचे आवाज ऐकतं, तेव्हा घरात भांडू नका, असं मी वर माझ्या पदरचं जोडायची. आठव्या-नवव्या महिन्यात अंगावर मांस धरतं आणि फुप्फुसं तयार होतात. ही फुप्फुसं सगळ्यांत शेवटी पिकतात, म्हणून शेवटचा महिना वाया घालवायचा नाही, असं म्हणून मी टोपलीतलं सगळ्यांत मोठी पपई उचलून दाखवी. बैठक संपली की टोपलीतली भाजी आम्ही सिस्टर लोक वाटून घेत असू, हे बायकांना माहीत नव्हतं.

बुधवारी पुरुषांना मज्जाव होता. देवराव खिडकीबाहेर उभे राहून लिहून घेत. पुढच्या भेटीला ते चार्ट घेऊनच आले. मी तो पाहिला आणि हसावं की रडावं कळेना. हातपाय आणि सांगाडा यांच्यापुढे लिहिलं होतं स्ट्रक्चरल. रक्तवाहिन्यांपुढे पायपिंग. मेंदू आणि नसा इलेक्ट्रिकल. हृदयापुढे पंप, रनिंग. लव, नखं, केस हे सगळं फिनिशिंगमध्ये. आणि एप्रिलच्या शेवटी एक लाल चौकोन, त्यात लिहिलं होतं कमिशनिंग, म्हणजे यंत्र चालू करायचा दिवस.

"वार राहिली," मी म्हटलं. वार म्हणजे आईच्या रक्तातून बाळाला पोसणारी जी पोळी असते ती.

देवरावांनी लगेच पेन्सिल काढली. "स्टोअर अँड सप्लाय," ते म्हणाले आणि एक ओळ वाढवली.

प्रत्येक भेटीला मी इंदूचं पोट तपासायची. गर्भाशयाची वरची कड कुठवर आली ते हातानं चाचपून बोटांनी मोजायचं असतं. तिसऱ्या महिन्याला ती ओटीपोटाच्या हाडाच्या जरा वर लागते, सहाव्याला बेंबीशी येते, आणि नवव्यात बरगड्यांच्या मधल्या खळगीशी पोचते. मी आठवडे सांगितले की देवराव बाहेर बाकावर बसून लाल पेन्सिलीनं चार्ट भरत. पहिल्याच भेटीला तारखेप्रमाणे सोळा आठवडे व्हायला हवे होते. माझ्या हाताला बाराच लागले. पोरगी बारीक आहे, वाढेल, असं मी म्हटलं. डिसेंबरात वीसच्या जागी सोळा. जानेवारीत चोवीसच्या जागी वीस. कड बेंबीशी आलीच नव्हती. देवराव घरी ड्रॉइंगची पट्टी लावून मोजायला निघाले होते, पण इंदूनं ती पट्टी पलंगाखाली टाकून दिली, असं मला शेजारणीकडून कळलं. त्या पोरीनं केलेला तेवढाच एक विरोध.

मग साकोलीहून सासूबाई आल्या. बाळ मागे आहे म्हटल्यावर ते पुढे न्यायला त्या आल्या होत्या. आल्याबरोबर डिंकाचे लाडू, तूप, खारका यांचा मारा सुरू झाला. इंदूनं नाही म्हटलं तर "खात नाही म्हनून लेकरू सुकून राहिलं," आणि खाल्लं तर "सारं हिच्याच अंगाले लागून राहिलं." चार्टप्रमाणे सातवा लागला तसं त्यांनी थाटानं डोहाळजेवण उरकलं. चाळीस बायका जेवल्या. प्रत्येकीनं जाताना पोट लहान दिसतं असं म्हणून घेतलं. इंदू हिरव्या साडीत मान खाली घालून बसली होती. मला तिची दया आली, पण खरं सांगायचं तर मीही महिना महिना तिला तेच ऐकवत होते: नीट खा, आराम कर, बाळ लहान आहे. सासूबाईंच्या हातात लाडू होता, माझ्या हातात लोहाच्या गोळ्या, एवढाच काय तो फरक.

तर असं करत करत एप्रिल संपला, तारीख टळली, आणि लेडी डॉक्टरांनी सोमवार ठरवला. त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नव्हतं. बाळ महिनाभर मागे आणि दिवस भरून गेलेले, म्हणजे वार थकली असेल, बाळाला पोसत नसेल. अशा बाळाला आत उपाशी ठेवण्यापेक्षा बाहेर काढलेलं बरं. एरंडेल, एनिमा, गरम पाण्याची अंघोळ आणि तरीही कळा नाही आल्या तर सलाइनमधून औषध, अशी तेव्हाची पद्धत होती. सगळं बरोबर होतं, फक्त दिवस खरंच भरलेले असायला हवे होते.

आता पुन्हा त्या टेबलाशी येते.

मी बीपीचं यंत्र उचलायला वाकले आणि चार्ट पहिल्यांदा नीट बघितला. एरवी मी त्याच्याकडे बघायचंच टाळायची, डोकं फिरायचं. सगळ्यांत वर देवरावांनी एक आलेख काढला होता. निळी तिरकी रेघ म्हणजे जसं वाढायला हवं तसं, लाल तिरकी रेघ म्हणजे माझ्या बोटांनी मोजलेलं. लाल निळीच्या खाली होती, चार आठवडे. नोव्हेंबरात चार. जानेवारीत चार. मार्चात चार. एप्रिलात चार. दोन्ही रेघा रुळांसारख्या शेजारी शेजारी, सरळ वर गेलेल्या.

माझा हात तिथेच थांबला. दहा वर्षांत मी लहान बाळं पुष्कळ पाहिली होती. ज्या बाळाला पोषण मिळत नाही ते आधी एक आठवडा मागे पडतं, मग दोन, मग चार. ते रोज थोडं थोडं हरतं. त्याची रेघ खाली वाकते. ही रेघ कुठेच वाकली नव्हती. हे बाळ दर आठवड्याला बरोबर एका आठवड्याचं वाढत होतं. मग ते मागे कसं?

"देवराव," मी म्हटलं, "तुमच्याकडे एखादं काम असं असतं का, की सगळीकडे सारखंच मागे, कमी नाही जास्त नाही?"

त्यांनी विचार केला. "असते ना. काम वेळेवर चालू राहते, पन चार्टवर सुरू झाल्याची तारीखच चुकीची टाकलेली असते. मंग साहेब फुकट वरडते."

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. चेहरा पडला. "पन तारीख तं मी बरोबर पाहून टाकली होती, सिस्टर."

मी त्यांना चार्टसकट बाहेर घालवलं, दार लावलं आणि इंदूसमोर दुसरं स्टूल ओढून बसले. पाच महिन्यांत मी तिला एकटीला पहिल्यांदाच काही विचारत होते.

"इंदू, बाळ पहिल्यांदा हललं ते कधी जाणवलं तुले?"

"संक्रांतीच्या हळदीकुंकवाले," ती लगेच म्हणाली. "वान घ्याले हात पुढं केला अन् आतून फडफड झाली. मले वाटलं चक्कर येऊन राहिली."

पहिलटकरणीला बाळ पाचव्या महिन्यात, विसाव्या आठवड्याच्या सुमारास जाणवतं. देवरावांच्या चार्टप्रमाणे संक्रांतीला जवळजवळ पंचवीस व्हायला आले होते. मी बोटांवर मोजलं. मागे मोजत मोजत गेले तर जुलै नाही, ऑगस्टच येत होता.

"अन् पाळी? शेवटची कधी आली होती?"

"श्रावनातल्या संकष्टीले. उपास होता माहा, अन् पूजा नाही करता आली, बाजूले बसा लागलं. म्हनून ध्यानात आहे."

"राखी झाली होती का तवा?"

"हाव. राखीले भाऊ आला होता साकोलीहून. तो गेला, अन् चौथ्या दिवशी संकष्टी होती."

मी दार उघडलं. देवराव दाराला कान लावूनच उभे होते. संकष्टीची इंग्रजी तारीख कुठे बघितली असं विचारलं तर म्हणाले, ऑफिसात भिंतीवर दुर्गच्या एका कापड दुकानाचं क्यालेंडर होतं, त्यात श्रावणाच्या अंधाऱ्या पंधरवड्यातली चौथ बघितली आणि पुढची तारीख उतरवून घेतली. अगदी बरोबर उतरवली होती. गोची अशी की ते क्यालेंडर हिंदी होतं.

हे जरा समजावून सांगते. आपला महिना अमावास्येला संपतो. हिंदी मुलखात तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे उजेडाचे पंधरा दिवस दोघांचेही एकाच महिन्यात असतात, पण अंधाराचे पंधरा दिवस आपल्यात महिन्याच्या शेवटी येतात आणि त्यांच्यात सुरुवातीला. आपली श्रावणातली संकष्टी राखीनंतर. त्यांची श्रावणातली चौथ राखीच्या कितीतरी आधी, जुलैत. आपली श्रावणातली संकष्टी येते तोवर त्यांचा भादवा, म्हणजे भाद्रपद, लागलेला असतो. नागपूरकडच्या माणसाला हे घरात कळतं, पण भिलाईत येऊन ऑफिसच्या भिंतीवरचं क्यालेंडर बघितलं की विसरतं. इंदूनं सांगितलं मराठीत, देवरावांनी शोधलं हिंदीत, आणि मी लिहिलं इंग्रजीत. तिघांच्या मध्ये बाळ पूर्ण एक महिना मोठं झालं.

म्हणजे इंदूचे दिवस भरलेच नव्हते. छत्तीस आठवडे होत होते. सोमवारी आम्ही त्या बाळाला शेवटचा महिना न देताच बाहेर ओढणार होतो, फुप्फुसं कच्ची असताना. तेव्हा आमच्याकडे कच्च्या बाळासाठी होतं काय, तर कापूस, गरम पाण्याच्या बाटल्या आणि देवाचं नाव.

"पोरी, तू बोलली कावून नाही?" मी विचारलं. "सारे तुले बोलून राहिले होते. तुले तं माहीत होतं."

इंदूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मले कोनी विचारलंच नाही. अन् ह्यायच्या चार्टात दुसरंच दिसे, तं मले वाटलं, कारखान्याचे महिने वेगळे असतीन."

देवरावांनी चार्ट गुंडाळला. मी कार्ड हातात घेतलं.

आता डॉक्टरांना सांगायचं होतं. आमच्या लेडी डॉक्टर बनारसकडच्या, हुशार आणि कडक. मी कार्ड, चार्ट आणि लांजेवार पती-पत्नी अशी सगळी वरात घेऊन त्यांच्या खोलीत गेले.

"सावन की चौथ तो राखी से पहले पड़ती है, सिस्टर," त्या म्हणाल्या. "बचपन से देख रही हूँ."

"तुमच्याकडे पहले, मॅडम. हमारे यहाँ बाद में."

"चाँद तो एक ही है न?"

"चाँद एक है, मॅडम. महीना काटते अलग जगह से हैं."

त्यांना ते पटलं नाही. चेहऱ्यावरूनच दिसत होतं. एका ट्रेसरच्या बायकोच्या उपासावर त्या एवढा मोठा निर्णय कसा फिरवणार? मग मी देवरावांना चार्ट उघडायला सांगितलं. पहिल्यांदाच तो चार्ट मी मागून घेतला. त्यांनी तो टेबलावर पसरला आणि यावेळी कोपरे स्वतःच्या हातांनी धरून ठेवले. मी नुसतं लाल रेघेवरून बोट फिरवत गेले, खालून वर, नोव्हेंबर ते एप्रिल.

डॉक्टर चार्टावर वाकल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग इंदूला टेबलावर घेऊन स्वतः तपासलं. बाळाचं डोकं अजून वर तरंगत होतं, खाली उतरलंच नव्हतं. पहिलटकरणीच्या बाळाचं डोकं दिवस भरताना खाली बसतं. हे बाळ अजून निघायच्या तयारीतच नव्हतं.

"ये चार्ट किसने बनाया?" त्यांनी विचारलं.

देवरावांनी भीतभीत हात वर केला.

"तारीख गलत है. बाकी सब बहुत अच्छा है," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "रुक सकते हैं. लेकिन कार्ड पर लिखेगा कौन?"

मी लिहिलं. पाळीची तारीख खोडून नवी टाकली, कारण लिहिलं आणि खाली सही केली. माझा हिशेब चुकला असता तर ते बाळ आत दगावलं असतं, आणि त्याला कारण माझी सही असती. हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं.

जाण्याआधी मी देवरावांना थांबवलं आणि बाळाचे ठोके ऐकायची ॲल्युमिनियमची नळी इंदूच्या पोटाला लावली. "कान लावा," म्हटलं. पाच महिने तो माणूस पंप, रनिंग असं लिहीत होता, पण पंप त्यानं कधी ऐकला नव्हता. त्यांनी वाकून कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. उठले तेव्हा नुसतं इंदूकडे बघत होते. मला ते बघून फार बरं वाटलं.

घरी सासूबाईंना ही बातमी कळली तेव्हा त्यांना बाळ ठीक असल्याचा आनंद झालाच, पण त्याआधी दुसरीच गोष्ट डोक्यात आली. "म्हंजे डोहाळजेवन सहाव्यातच झालं?" त्या म्हणाल्या. चाळीस बायका महिनाभर आधीच जेवून गेल्या होत्या, याचं त्यांना अपार दुःख झालं. शेवटी त्यांनी पुन्हा एक डोहाळजेवण केलं, नवव्यात. शास्त्रात बसतं की नाही ते मी विचारलं नाही. या वेळी पाचच जणी होतो. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं इंदूला घास भरवला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "माह्या सुनेचं काही चुकलं नाही, क्यालेंडरचं चुकलं." माफी मागायची त्यांची तेवढीच पद्धत होती. इंदूनं ती घासाबरोबर गिळली आणि पहिल्यांदा मला हसताना दिसली.

पुढचे चार आठवडे मी काही कमी भोगले नाहीत. इंदूला आठवड्यातून दोनदा बोलवायची. ठोके ऐकायची, हालचाल विचारायची, पोट मोजायची. ठोके नीट लागले की मगच माझं जेवण अंगी लागायचं. देवरावांनी निळी रेघ नव्यानं काढली होती, राखीनंतरच्या संकष्टीपासून सुरू करून. चार्टच्या कोपऱ्यात रिव्हिजन वन असं लिहिलं होतं. लाल रेघ आता निळीवरच पडत होती, इतकी बरोबर की निळी दिसेनाशी झाली. तिसऱ्या आठवड्यात डोकं खाली उतरलं. डॉक्टरांनी कार्ड बघितलं आणि माझ्याकडे चहाचा कप सरकवला.

मे संपता संपता, भर दुपारी, इंदूच्या कळा सुरू झाल्या. कुणी आणल्या नव्हत्या, त्या आपल्या वेळेनं आल्या. छपराचं टिन तापून आम्ही भाजून निघत होतो. रात्री दुसरी शिफ्ट सुटल्याचा भोंगा वाजत असतानाच मुलगी झाली. आली तीच रडत, आणि असं खणखणीत रडली की बाहेर बाकावर बसलेले देवराव उभे राहिले. मला तिच्या रडण्यातून हवी ती सगळी माहिती मिळाली. फुप्फुसं पिकलेली होती. तरी मी सवयीनं तपासलं. नखं बोटांच्या टोकाबाहेर आलेली, तळव्यांवर रेषा उमटलेल्या, लव गळून गेलेली. वजन चांगलं सात पौंडांच्या आसपास. कुठेही कमी नाही, कुठेही मागे नाही.

देवराव चार्ट घेऊनच आले होते. लाल चौकोनात वेळ लिहायची होती. मी मुलगी त्यांच्या हातात दिली, तेव्हा चार्ट खाली पडला, आणि आमच्या आयानं नंतर तो उचलून औषधांच्या कपाटात अंथरला. बरीच वर्षं तिथे होता.

या प्रकरणानंतर मी माझ्या कामात दोन बदल केले. एक, इंग्रजी तारीख विचारायची नाही. सण विचारायचा. राखी झाली होती का, पोळा झाला होता का, त्या दिवशी घरी कोण आलं होतं. बायकांना तारखा आठवत नसतील, पण बाजूला बसल्यामुळे कुठला सण हुकला ते त्या जन्मभर विसरत नाहीत. दुसरा बदल असा, की हा प्रश्न विचारताना नवऱ्याला बाहेर बसवायचं, मग तो कितीही शिकलेला असो. मूल जिच्या पोटात वाढतंय तिलाच आधी विचारायचं, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. मी परीक्षेत लिहिलंही होतं.

दोन वर्षांनी लांजेवार पुन्हा आले. मुलगी देवरावांच्या खांद्यावर होती आणि त्यांच्या काखेत नवीन चार्ट. मी कपाळाला हात लावला. त्यांनी तो टेबलावर पसरला नाही, इंदूच्या हातात दिला. सगळ्या ओळी आखून तयार होत्या, फक्त सुरुवातीच्या तारखेचा रकाना कोरा होता.

"हे तिनं भरायचं," देवराव म्हणाले, आणि मी सांगण्याआधीच मुलीला घेऊन बाहेर बाकावर जाऊन बसले.